मोजायला शिकले

(महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



बोलावणं आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. इथे बोलणाऱ्या बायका एकेका प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलेल्या असतात. मी बँकेत काउंटरवर बसते आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात धावते. त्यात सांगण्यासारखं काय? मघाशी चहाच्या वेळी एका मैत्रिणीने विचारलंही, "ज्या बायकांना हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालावं लागतं, त्यांच्यापुढे हे धावण्याचं कौतुक कशाला?" तिचा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही, पण तो मनात ठेवूनच बोलते.

पदकाची गोष्ट सांगायला मी आलेली नाही. गेल्या डिसेंबरात पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत मी अडतिसाव्या किलोमीटरला बाद झाले. मला बोलायचं आहे ते त्याआधीच्या सहा महिन्यांबद्दल, आणि एका वहीबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. त्याहून लांब पल्ल्याची ती अल्ट्रा. आणि डांबरी रस्ता सोडून पायवाटांनी, डोंगरधारांवरून धावायचं, त्याला ट्रेल म्हणतात. धावायचं म्हणजे सगळा वेळ धावायचं नाही. चढाला चालायचं, सपाटीला धावायचं, उताराला गुडघे सांभाळायचे. ठरावीक टप्प्यावर ठरावीक वेळेत पोचला नाहीत तर तिथेच थांबवतात.

मी चाळिशीपर्यंत धावले नव्हते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून चालायला लागले, मग सोबतच्या एकीमुळे पळायला लागले. दोन-तीन वर्षं दहा किलोमीटर, एकवीस किलोमीटर असं झालं आणि गेल्या जूनमध्ये पन्नासचं नाव नोंदवलं. तेव्हा शंभर पानी वही आणली. डाव्या पानावर तारीख, अंतर, चढ आणि लागलेला वेळ लिहायचा. उजवं पान कोरं.

तयारीचा नियम सोपा आहे. अंतर हळूहळू वाढवायचं, तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात कमी करायचं, आणि आठवड्यातून एकदा लांब पल्ला मारायचा. जूनमध्ये मी आठवड्याला पंचवीस किलोमीटर धावत होते, नोव्हेंबरमध्ये साठ. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो, म्हणून चढाच्या सरावाला सिंहगड. आतकरवाडीतून गडावर जायला सुमारे सहाशे मीटरचा चढ आहे. आधी एकदा, मग एका सकाळी दोनदा, ऑक्टोबरात तीनदा. पावसात त्या वाटेवर चिखल असतो, तिथे उतरायला शिकणं हाच मोठा अभ्यास. सप्टेंबरात साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन केली, यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा. मग कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची डोंगररांग दोनदा केली. सहा महिन्यांत ९१२ किलोमीटर झाले, वेळ लागला १९० तास.

या १९० तासांबद्दल बोलू या. नोकरी आणि घर असलेल्या बाईने ते आणायचे कुठून? सरकारने २०२४ साली केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीत असं दिसलं की बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. मला वाटत होतं, आपण पहाटे चारला उठतो, आपल्या झोपेतून वेळ काढतो, कुणाचं काही घेत नाही.

जुलैतल्या एका रविवारी मी चार तासांनी घरी आले. आंघोळ करून वही उघडली, तर उजव्या पानावर मुलीचं अक्षर. ती चौदा वर्षांची आहे. तिने लिहिलं होतं: "आजी – पोळ्या २२. दूध तापवलं. भांडी लावली. गॅसवाला आला तेव्हा दोनदा जिना उतरली. आजीचे पाय सुजलेत."

मी ते पान कितीतरी वेळ बघत बसले. आपण नवऱ्याकडून वेळ मागून घेतला असं मला वाटत होतं. खरं म्हणजे तो मी त्याच्याकडून घेतलाच नव्हता. घेतला होता बहात्तर वर्षांच्या एका बाईकडून, आणि तिला विचारलंही नव्हतं. सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू स्वतःसाठी काही मागितलंस. त्यात मी कुठे खोडा घालू?"

आपण शिबिरांतून घरकामाच्या वाटणीवर किती बोलतो! पण एका बाईचा मोकळा वेळ दुसऱ्या बाईच्या अंगावर पडतो, हे माझ्या घरात मला दिसलं नव्हतं. मुलीने लिहून ठेवलं म्हणून दिसलं.

माझा नवरा वाईट माणूस नाही. "धाव ना, मी कुठे नाही म्हणतो?" असं तो सगळ्यांसमोर कौतुकाने म्हणायचा. परवानगी देणं आणि पोळ्या लाटणं यात फरक आहे, हे त्या रविवारी वही पुढे ठेवून बोलले. भांडण झालं. दोन दिवस अबोला झाला. मग ठरलं, रविवारचं स्वयंपाकघर त्याचं. पहिले तीन रविवार बाहेरून इडल्या आल्या. चौथ्याला खिचडी झाली. अजूनही तो हिंगाची डबी मला फोन करून विचारतो. पण सासूबाई रविवारी सकाळी देवळात जायला लागल्या. आणि उजवं पान आता आम्ही सगळेच लिहितो.

वहीत मी आणखीही एक मोजलं. अंधारात वाटेवर टोळकं उभं आहे, मोटारसायकल मागेमागे येते आहे, म्हणून अर्ध्यातून परत फिरले, असं सहा महिन्यांत पाच वेळा झालं. पाचही वेळा अंगाला कुणी हात लावला नाही, त्यामुळे "काहीच झालं नाही" असंच कुणीही म्हणेल. पण डाव्या पानावर अकराऐवजी तीन किलोमीटर लिहिलेत, तेच झालं. गटातल्या पुरुषांच्या वहीत अशी नोंद एकही नाही, मी विचारून घेतलं. तेव्हापासून आम्ही तिघीजणी ठरवून एकत्र निघतो.

आता शरीराबद्दल. ऑक्टोबरात पाय जड व्हायला लागले. आतकरवाडीतून गडावर जायला मला बावन्न मिनिटं लागायची, ती एक तास पाच मिनिटांवर गेली. गटातले म्हणाले, सराव वाढव, मन घट्ट कर. घरी म्हणाले, दमणारच. मलाही तेच पटलं. कारण बाई दमलेलीच असते हो! आपली आई दमलेली, आजी दमलेली. दमणं हा आपल्याकडे आजार नसतोच, बायकांचा स्वभाव असतो. वहीत ते तेरा मिनिटांचं अंतर दिसलं नसतं तर मी तपासणीला गेलेच नसते.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.४ निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली असलं तर पंडुरोग म्हणतात. आणि फेरिटिन म्हणून एक तपासणी असते, शरीरात लोहाचा साठा किती ते त्यात कळतं. तो १५ च्या खाली नको, माझा ८ होता. म्हणजे घरातला डबा रिकामा झालेला आणि मी रोज पाहुणे बोलावत होते. लोह पाळीत जातं, थोडं घामातूनही जातं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातलं नीट अंगी लागत नाही. माझी बँकेतली सवय नेमकी तीच, डबा संपला की चहा. आता तो चहा दोन तासांनी घेते आणि पालेभाजीवर लिंबू पिळते. गोळ्याही चालू आहेत, पण साठा भरायला महिने लागतात.

मी एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना पंडुरोग आढळला. निम्म्याहून जास्त बायका! आणि आपण एकमेकींना म्हणतो, "मनावर घे, होईल." आणखी एक सांगते. बारीक व्हायचं म्हणून कमी खाऊन जास्त धावणाऱ्या मुली मी पाहते. पाळी बंद झाली तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणतात. ती कटकट जात नसते, हाडं ठिसूळ व्हायला लागलेली असतात. धावायचं असेल तर पोटभर खायचं, डोंगरात असताना तासातासाला खायचं. मी शेंगदाण्याची चिक्की, खजूर, उकडलेला बटाटा आणि मीठ नेते.

बायकांना मोजण्याची दुनियेची रीतही बघा. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीच्या लीना राडकेने ती जिंकली आणि जागतिक विक्रम केला. पण वर्तमानपत्रांनी छापलं काय, तर बायका धापा टाकून कोसळल्या. तेवढ्यावर ती शर्यत १९६० पर्यंत बंद! पुरुषांची ऑलिंपिक मॅरेथॉन १८९६ पासून, बायकांची १९८४ पासून. मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षं. धावणाऱ्या बायकांसाठी वेगळी ब्रा असावी हे सुचायलाही १९७७ साल उजाडलं, आणि अमेरिकेत पहिली ब्रा तिघी बायकांनी शिवली ती पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप एकत्र जोडून. आणि संधी मिळाल्यावर? २०१९ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये जॅस्मिन पॅरिस ही बाई ४३१ किलोमीटरची डोंगरी शर्यत ८३ तासांत पुरी करून पहिली आली, बायकांत नव्हे, सगळ्यांत. तिची मुलगी तेव्हा अंगावर पीत होती, वाटेतल्या मुक्कामांवर थांबून ती दूध काढत होती. आपल्या माण तालुक्यातल्या, दुष्काळी मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आपल्या अंगात नव्हतं असं नाही, मोजायला कुणी बसलं नव्हतं.

तर माझी शर्यत. डॉक्टर म्हणाले होते, जा, पण जिवावर उदार होऊ नका. पहाटे पाचला सुरू केली. पंचवीसपर्यंत बरी होते. मग प्रत्येक चढाला थांबायला लागले. अडतिसाव्या किलोमीटरच्या टप्प्यावर साडेनऊ तासांत पोचायचं होतं, मला चौदा मिनिटं उशीर झाला. छातीवरचा नंबर काढून दिला आणि टेम्पोत बसले. रडले. रात्री घरी आल्यावर मुलीने वही पुढे केली. डाव्या पानावर मी ३८ लिहिलं. उजव्या पानावर नवऱ्याने लिहिलेलं होतं, "पिठलं-भात. कपडे. आईंना दवाखान्यात नेलं." चौदा मिनिटांचं वाईट वाटतं आहे, ते लपवत नाही. पण ते पान पन्नासाच्या पदकाहून कमी आहे असं मला वाटत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. सरावात मला सिंहगडाच्या वाटेवर एक मावशी भेटायच्या, डोक्यावर दह्याची पाटी घेऊन चढणाऱ्या. माझ्या पायात हजारो रुपयांचे बूट, त्यांच्या पायात प्लॅस्टिकच्या चपला. एकदा बरोबरीने चढलो. मी विचारलं, "मावशी, ओझं किती असेल?" त्या हसल्या. "आवं ताई, कोन मोजतंय? डोक्याला कळतं की." वर पोचल्यावर पाटी उतरवायला हात लावला, तर माझ्याने ती नीट धरवली नाही. मी हिशोब केला. असे पंधरा चढ झाले की एव्हरेस्टएवढी उंची होते. माझ्या चढाला घड्याळ, नंबर, टाळ्या. त्यांच्या चढाला फक्त दह्याचा भाव.

म्हणून त्या मैत्रिणीला मी म्हणेन, पाण्याला जाणाऱ्या बाईला धावायला शिकवायची गरज नाही. तिचं अंतर, तिचं ओझं, तिचे तास आणि तिचं रक्त मोजायची गरज आहे. आणि तिने कधी नुसतंच, काही न आणता, स्वतःसाठी डोंगर चढायचं म्हटलं, तर त्या वेळेवर तिचाही हक्क आहे.

एवढंच सुचवते. आपापल्या गटात आठ दिवस अशी वही ठेवून बघा. डाव्या पानावर स्वतःसाठी काय केलं ते, मग ते धावणं असो, वाचणं असो की नुसतं बसणं. उजव्या पानावर, तेवढ्या वेळात तुमचं काम कुणी केलं. डावं पान कोरं राहिलं तरी चालेल, तीही नोंदच आहे. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. मी येत्या डिसेंबरासाठी पुन्हा नाव नोंदवलं आहे. आधी फेरिटिन तपासून घेतलं, ३१ आहे.