मुरमाची माती एका सालात होत नाही



परभणीचं आपलं काळं रान म्हणजे सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा झिजलेला दगड. ऊन, पाऊस, मुळांचं आम्ल त्यातून पालाश मोकळा करतात, पण सावकाश. आपली उचल मात्र दरसाल. ज्वारीचा बहुतेक पालाश दाण्यात नव्हे, कडब्यात असतो. कडबा बाजारात आणि पऱ्हाटी चुलीत गेली, की पुढचं पीक चिकणमातीच्या थरांतला साठा उपसतं. तपासणीच्या कागदावर ‘उपलब्ध’ पालाश भरपूर दिसतो. आतला साठा किती घटला, ते दिसत नाही.

ऑगस्ट १९९२ मध्ये सरकारनं स्फुरद-पालाशाचे भाव मोकळे सोडले, युरिया तेवढा स्वस्त ठेवला. मग आपण युरियाच टाकणार, दुसरं परवडतं कुणाला? युरियानं पीक जोमात येतं, अन् पालाशाची उचल आणखी वाढते. निदान चुलीतली राख शेणखतात कालवून रानात परत न्या.