एकाकी वाट आणि पिवळा बाण
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



यात्रा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे समुदाय उभा राहतो. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत गर्दीच मनुष्यास पुढे नेते. पंढरीचा वारकरीही दिंडीतच चालतो. एकट्याने चालण्याची यात्रा ही निराळीच परीक्षा होय. तिच्यातील एका दिवसाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो.

स्पेन देशातील सांतियागो दे कोंपोस्तेला येथे, प्रेषित संत याकोबाच्या कबरीकडे, नवव्या शतकापासून यात्रेकरू जात आले आहेत. फ्रान्सच्या सीमेवरील सेंट-जाँ गावाहून निघणारी वाट सुमारे ७८० किलोमीटर लांब आहे. जवळजवळ निम्म्या वाटेवर, कास्तीलच्या उघड्या पठारावर, कार्रियोन दे लोस कोंदेस हे गाव लागते. तेथून पुढचे गाव काल्सादिया दे ला कुएसा १७ किलोमीटरांवर. मध्ये एकही वस्ती नाही. वाटेचा मोठा भाग प्राचीन रोमन रस्त्याचा, म्हणून आखल्यासारखा सरळ. दोहों बाजूंस शेते; सावली अगदी विरळ.

जून महिन्यातील एके पहाटे आम्ही एकटेच त्या वाटेला लागलो. खिशात दिवंगत मातोश्रींची जपमाळ होती. त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी ही यात्रा आम्ही बोललो होतो. पहिले दोन तास बरे गेले. मग ऊन चढले, टाचेचा जुना फोड फुटला, पाणी कोमट झाले. पुढे पाहावे तो वाट, मागे पाहावे तो तीच वाट. मध्यावर आम्ही बांधावर बसलो. परत फिरावे तरी तितकेच अंतर, पुढे जावे तरी तितकेच. त्याहून कठीण हे की प्रार्थना सुचेना. जिच्यासाठी निघालो त्या मातेचा चेहराही डोळ्यांपुढे येईना. हे सारे कशासाठी, असा प्रश्न मनात उभा राहिला.

संदेष्टा एलिया रानात झुडपाखाली असाच खचून बसला होता. त्याला देवदूताने भाकर व पाणी देऊन उठविले. आमच्याकडे देवदूत आला नाही. समोरच्या दगडावर पिवळ्या रंगाचा एक बाण मात्र दिसत होता.

या बाणांमागे एक धर्मगुरु आहेत. गालिसिया प्रांतातील ओ सेब्रेइरो या डोंगरी गावचे फादर एलियास वालिन्या (१९२९–१९८९) हे या वाटेचे गाढे अभ्यासक होते. वाट लोकांच्या विस्मरणात चालली असता १९८४ साली पिवळ्या रंगाचा डबा व कुंचला घेऊन त्यांनी ठिकठिकाणी बाण रंगविण्यास आरंभ केला. पुढे कित्येक अनाम हातांनी ते काम चालविले.

आमच्या समोरचा बाण कोणाच्या हातचा, हे आम्हांस ठाऊक नाही. ज्याने तो काढला त्यानेही आम्हांस पाहिले नव्हते. तरी आमच्यासारखा कोणी येथे येईल, हे त्याने ओळखले होते. एकटे असणे म्हणजे टाकलेले असणे नव्हे, हे तेव्हा आम्हांस उमगले. टाचेस पट्टी बांधली, एक घोट पाणी घेतले आणि जपमाळेचा मणी धरला. मन लागले नाही. ओठ मात्र हलत राहिले. एक रहस्य संपेपर्यंत चालावे, क्षणभर थांबावे, पुन्हा चालावे, असे करीत निघालो. ते गाव खळग्यात वसलेले असल्यामुळे अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. छपरे दिसली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता, आणि मातोश्रींचे नाव आमच्या ओठांवर होते.

बंधुभगिनींनो, आपला धर्मग्राम हीही अशीच वाट आहे. ज्यांनी या मंदिराचे दगड वाहिले, ज्यांनी आपल्या वाडवडिलांस क्रुसाची खूण करावयास शिकविले, त्यांनी आपणांस पाहिले नव्हते. आज त्यांचे स्मरण करणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु तेवढ्याने ऋण फिटत नाही. आपल्याच गावात कोणी विधवा, कोणी अंथरुणास खिळलेला, कोणी मंदिराची पायरी चढावयाचे सोडलेला बंधु अशाच उन्हात, वाटेच्या मध्यावर एकटा बसला आहे. महोत्सवाचे तोरण उतरण्यापूर्वी प्रत्येक घराने अशा एकाच्या दारी जावे. मोठा उपदेश नको. पुढची वाट दाखविणारी एक लहानशी खूण पुरे.

प्रभू येशू ख्रिस्त आपणां सर्वांचा सोबती होवो. आमेन.