तापलेलें यंत्र आणि अनोळखी फाइली



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल; परंतु ज्या घरांत मुलाचा अभ्यास, मुलीचा परीक्षेचा अर्ज आणि आजोबांच्या पेन्शनचे कागद एकाच लॅपटॉपवर अवलंबून आहेत, त्या घराला तो क्षुल्लक नाहीं. लॅपटॉप तापूं लागतो, आंतील पंखा घरघरूं लागतो, अक्षरें उमटावयास विलंब लागतो. घरांतील कोणीतरी धीर करून आंत काय चाललें आहे तें पाहतो, आणि त्याच्या दृष्टीस कधीं न ऐकलेल्या नांवांची भली मोठी यादी पडते. मग मन म्हणूं लागतें, 'यांतलाच कोणीतरी चोर आहे. त्याला काढून टाकला कीं यंत्र थंड होईल.' हा तर्क जितका सहज सुचतो, तितकाच तो घातक आहे. उष्णता व अनोळखी फाइली हे दोन प्रश्न निराळे आहेत. त्यांचा संबंध कोठें येतो आणि कोठें येत नाहीं, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम उष्णतेचा विचार करूं. यंत्र जी वीज घेतें, तिचें अखेर जवळजवळ सर्वच उष्णतेंत रूपांतर होतें. पूर्वीं घरोघर ६० वॉटचा तारेचा दिवा असे. तो चालू असतां काढावयास गेलें तर हात कसा पोळे, हें वडीलधाऱ्यांस आठवत असेल. आज पुष्कळ लॅपटॉपांबरोबर ६५ वॉटचा अडॅप्टर मिळतो. म्हणजे यंत्र ऐन भरांत असतां त्या बोटभर जाडीच्या पेटींत एका दिव्याइतकी उष्णता निर्माण होऊं शकते. ती बाहेर घालविण्यासाठीं आंत तांब्याची नळी, धातूच्या बारीक पट्ट्या आणि छोटा पंखा अशी योजना केलेली असते. हवा बहुधा खालच्या फटींतून आंत शिरते व कडेच्या किंवा मागच्या फटींतून बाहेर पडते. लॅपटॉप गादीवर अथवा गोधडीवर ठेवला, कीं ही खालची वाट बुजते. कांहीं वर्षांच्या वापरानें पट्ट्यांत धूळ साठते, तेव्हां पंखा कितीही फिरला तरी वारा पलीकडे जात नाहीं.

यंत्राचा मेंदू जो प्रोसेसर, तो १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोंचला कीं स्वतःच आपला वेग कमी करतो. तरीही उष्णता वाढत राहिली तर यंत्र आपण होऊन बंद पडतें. हें यंत्राचें आत्मरक्षण आहे. बाहेरच्या हवेचाही येथें संबंध येतो. ॲपल कंपनी आपले लॅपटॉप १० ते ३५ अंश सेल्सिअस तपमानांत वापरण्यास सांगते. आणि विदर्भांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दुपारीं यंत्र तापलें तर त्यांत विषाणूचा दोष शोधण्याचें कारण नाहीं. मांडीवर ठेवण्याची संवयही बरी नव्हे. २०१० सालीं 'पीडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकांत १२ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. रोज कित्येक तास लॅपटॉप मांडीवर घेऊन खेळल्यामुळें त्याच्या कातडीवर जाळीसारखे डाग उमटले होते.

आतां फाइलींकडे वळूं. विंडोज प्रणालींत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं 'टास्क मॅनेजर' उघडतो. शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर हा यंत्राचा हजेरीपट होय. कोण हजर आहे आणि कोण किती काम करीत आहे, तें त्यांत दिसतें. त्याच्या तपशिलाच्या पानावर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' असें एक नांव असतें व त्यापुढें कित्येकदां ९० हून मोठा आंकडा दिसतो. हाच अपराधी, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो प्रोसेसरचा रिकामा तास आहे. तो आंकडा जितका मोठा, तितकें यंत्र स्वस्थ! 'एस-व्ही-सी-होस्ट' हें नांव तर अनेक वेळां आढळतें. ती एक धर्मशाळा समजावी; घड्याळ, ध्वनि, सुधारणा आणणें अशा विंडोजच्या निरनिराळ्या सेवा तिच्यांत उतरलेल्या असतात. 'पेजफाइल' व 'हायबरफिल' या दोन फाइली कित्येक गिगाबाइटांच्या असतात. यंत्राची स्मरणशक्ति अपुरी पडली म्हणजे पहिली पाटीसारखी उपयोगी पडते. दुसरींत यंत्र दीर्घ झोपेपूर्वीं आपलें अर्धवट काम लिहून ठेवतें. ध्यानांत ठेवावें, कीं डिस्कवर निमूट पडून असलेल्या फाइलीनें यंत्र तापत नाहीं. चालत असलेल्या कामानेंच तें तापतें.

अज्ञात नांवाच्या भयानें काय होतें, याचें एक उदाहरण इतिहासांत नमूद आहे. २००२ सालीं जगभर एक ई-मेल फिरलें. 'जे-डी-बी-जी-एम-जी-आर' नांवाची, अस्वलाचें चित्र असलेली फाइल तुमच्या यंत्रांत आहे काय तें पाहा. असल्यास तो विषाणु आहे, तो १४ दिवस दबा धरून बसतो, तेव्हां ती तात्काळ काढून टाका आणि परिचितांस कळवा, असा त्यांतील मजकूर होता. लोकांनीं शोध घेतला आणि फाइल सांपडली. सांपडणारच! ती मायक्रोसॉफ्टचीच, जावा भाषेंतील प्रोग्रॅम तपासण्याच्या कामाची निरुपद्रवी फाइल होती. २००१ सालींही लांब नांवें पूर्ववत् करणाऱ्या दुसऱ्या एका फाइलीविषयीं अशीच आवई उठली होती. दोन्ही वेळां विषाणु मुळीं नव्हताच. भ्यालेल्या माणसांनींच त्याचें काम केलें. वस्तु सांपडली म्हणजे आरोप सिद्ध झाला, असें होत नाहीं.

मग परीक्षा कशी करावी? यंत्रावरील सर्व कामें बंद करून दहा मिनिटें हजेरीपट पाहावा. कोणाचाच आंकडा मोठा नाहीं, आणि तरीही यंत्र पोळतें आहे, तर दोष धूळ, पंखा वा बुजलेली वाट यांचा. जाणत्या कारागिराकडून आंतून सफाई करवून घ्यावी. एखाद्याच नांवापुढें मोठा आंकडा असेल, तर विंडोजची सुधारणा अथवा विषाणूची तपासणी चालली आहे काय तें पाहावें. तीं कामें यथावकाश संपतात. आंकडा तासन् तास उतरत नसेल, तर त्या नांवावर उजवी कळ दाबून फाइलीचा पत्ता पाहावा. खरा 'एस-व्ही-सी-होस्ट' विंडोजच्या 'सिस्टिम-३२' या खणांत राहतो. तेंच नांव धारण करून, किंवा त्यांतलें एखादें अक्षर बदलून, कोणी डाउनलोडच्या खणांत बसला असेल, तर संशय रास्त आहे. कारण दुसऱ्याच्या यंत्रावर चोरून आभासी चलन कमावणारे प्रोग्रॅम खरोखरच असतात व ते यंत्राला तापवितात. तेव्हांही हातानें फाइल पुसूं नये. 'विंडोज सिक्युरिटी'कडून पूर्ण तपासणी करवावी. आणि त्यापूर्वीं आपले कागद व छायाचित्रें दुसरीकडे उतरवून ठेवावीं.

दोन सूचना शेवटीं. लॅपटॉपचें बूड फुगलें अथवा टचपॅड वर उचलला गेला, तर बॅटरी फुगली असें समजून वापर व चार्जिंग तत्काळ थांबवावें. ती टोंचूं वा दाबूं नये. दुसरें असें, कीं 'तुमच्या यंत्रांत विषाणु आहे' म्हणून आपण होऊन फोन करणारा मनुष्य भामटा समजावा. तो आपणांस विंडोजच्या नोंदींतील तांबड्या खुणा दाखवील. तशा खुणा निरोगी यंत्रांतही असतात. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

वर्गांत नवा मुलगा दिसला, तर शिक्षक प्रथम त्याचें नांव, गांव व पूर्वींची शाळा विचारतो. दाराबाहेर काढण्याचा प्रश्न मागाहून. यंत्रांतील अनोळखी नांवांसही एवढाच न्याय द्यावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतों.