मातीतला विषाणू : मित्र की शत्रू?

काही वर्षांपूर्वी एका गावात वांग्याचा प्लॉट पाहायला मला बोलावणं आलं. हिरवीगार, फुलावर आलेली झाडं अचानक माना टाकत होती आणि चार-सहा दिवसांत जागीच वाळत होती. बुरशीची मर समजून मी बुरशीनाशकाची आळवणी करायला सांगितली. औषध गेलं, पैसा गेला आणि झाडंही गेली. चूक माझी होती. ती मर बुरशीची नव्हती, जिवाणूची होती.

म्हणून आधी रोगाची ओळख. नुकतंच माना टाकलेलं झाड उपटा. बुंध्याजवळचा बोटभर तुकडा धारदार सुरीने कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन तुकड्याचं टोक त्यात बुडवून स्थिर धरा. थोड्याच मिनिटांत कापातून दुधासारखी पांढरी धार उतरू लागली, तर जिवाणूची मर समजावी. या जिवाणूचं नाव राल्स्टोनिया. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, आले अशा पिकांना तो धरतो. मातीत तो दीर्घकाळ टिकतो आणि पाण्याबरोबर पसरतो.

पण या जिवाणूलाही वैरी आहे. जिवाणूला मारणाऱ्या विषाणूंचा शोध १९१५ साली ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली द'हेरेल यांनी लावला. चिमूटभर मातीतही असे असंख्य विषाणू असतात. ते झाडाला किंवा माणसाला धरत नाहीत, फक्त जिवाणूला धरतात. तेही प्रत्येकाचं ठरलेलं; एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला सहसा लागत नाही.

शास्त्रज्ञ हा विषाणू असा शोधतात. रोगट शेतातली माती पाण्यात कालवून, ते पाणी जिवाणू अडकेल पण विषाणू पार होईल अशा बारीक गाळणीतून गाळतात. काचेच्या बशीत त्या रोगाच्या जिवाणूचा पातळ थर वाढवून त्यावर हे पाणी टाकतात. जिथे विषाणू जिवाणूला मारतो, तिथे थरात स्वच्छ ठिपका पडतो. त्या ठिपक्यातला विषाणू पुन्हा पुन्हा वाढवून शुद्ध करतात.

इथे काम संपत नाही, सुरू होतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार पाहतात. तो कोणकोणत्या जिवाणूंना मारतो, किती वेळात मारतो, एका जिवाणूतून किती नवे विषाणू बाहेर पडतात, ऊन, उष्णता आणि आंबट-खारेपणा किती सोसतो, हे तपासतात. त्याचा आनुवंशिक मजकूरही वाचतात. मुख्य प्रश्न असा, की तो जिवाणूला फोडून मारतो, की त्याच्यातच बिऱ्हाड करून राहतो?

एवढी चौकशी कशाला? जपानमधलं उदाहरण ऐका. २०११ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की आरएसएल-१ नावाच्या विषाणूने टोमॅटोची रोपं या मरीपासून वाचतात. पुढच्याच वर्षी, २०१२ साली, आरएसएस-१ नावाचा दुसरा विषाणू अभ्यासला गेला. तो याच जिवाणूला धरतो, पण मारत नाही. उलट, त्याची लागण झालेला जिवाणू टोमॅटोला जास्त जोराने मारतो! दोघेही त्याच जिवाणूवर जगणारे, पण एक मित्र आणि दुसरा शत्रू.

तेव्हा मंडळी, 'मरीवर विषाणूचं औषध' म्हणून कोणी बाटली दाखवली, तर लेबलावरचा नोंदणी क्रमांक आणि रोगाचं नाव पाहिल्याशिवाय घेऊ नका. रोगट शेतातली माती कालवून दुसऱ्या शेतात तर मुळीच ओतू नका. विषाणूसोबत रोगही जाईल.

तोपर्यंत हाती असलेलं करा :

१. रोगट झाड मुळासकट काढून जाळा.
२. रोगट वाफ्याचं पाणी चांगल्या वाफ्यात जाऊ देऊ नका. निचरा ठेवा.
३. खुरपणीत मुळांना इजा करू नका. अवजारं धुऊन घ्या.
४. वांग्यानंतर टोमॅटो, मिरची, बटाटा घेऊ नका. भात किंवा मका घ्या.
५. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेले अर्का केशव, अर्का निधी, अर्का नीलकंठ हे वांग्याचे वाण या मरीला दाद देत नाहीत. आपल्या भागात चालतील का, ते कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

आणि औषध आणायला निघण्याआधी पाण्याचा पेला भरायला विसरू नका. मी तो त्या दिवशी भरला नाही, त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.