संसार डोंगराला जोडणारा माणूस : आप्पा दांडेकर

(देवळाच्या जीर्णोद्धार समारंभात सभामंडपात केलेल्या भाषणावरून)



कळस चढला, होम झाला, प्रसादाला अजून थोडा अवकाश आहे. तेवढ्या वेळात एखाद्या थोर माणसाच्या आठवणीने चार शब्द बोला, अशी समितीने आज्ञा केली. देवळात बोलायचे म्हणजे संतमहात्म्यांविषयी बोलावे अशी रीत आहे. मी मात्र आज एका संसारी गृहस्थाविषयी बोलणार आहे. त्यांचे नाव गोपाळ नीलकंठ दांडेकर. मराठी वाचकांचे ते गोनीदा आणि जिव्हाळ्याच्या माणसांचे आप्पा.

आप्पांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भात परतवाड्याला झाला. तेराव्या वर्षी, सातवीतली शाळा टाकून, स्वातंत्र्याच्या चळवळीच्या ओढीने ते घरातून निघाले. पुढे गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले. ज्या बाबांनी हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली आणि वाटसरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, त्यांच्या पायाशी हा मुलगा वाढला. त्यांचे चरित्रही पुढे आप्पांनी लिहिले. नर्मदेची परिक्रमा त्यांनी पायी केली. ती वाट अडीच हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची. खांद्याला झोळी, पोटाला भिक्षा आणि डोक्यावर आभाळ, असे त्या वाटेवरचे जिणे असते.

असा माणूस घरात रमेल, असे कोणाला वाटले असते? परंतु आप्पा रमले. मावळातल्या तळेगाव दाभाड्याला त्यांनी बिऱ्हाड थाटले आणि केवळ लेखणीवर प्रपंच चालवला. लेखणीवर प्रपंच म्हणजे महिन्याच्या एक तारखेला हाती पगार नाही. अशा घरची चूल पेटती ठेवणे हे घरच्या बाईचेच काम असते. म्हणून आप्पांचे नाव घेताना त्यांच्या पत्नी नीराताईंचेही नाव आपण आदराने घेतले पाहिजे. आप्पांची शंभरावर पुस्तके झाली. १९७६ साली ‘स्मरणगाथा’ या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सातवी न संपवलेल्या या माणसाकडे आले.

आता मला जे मुख्य सांगायचे आहे ते सांगतो. डोंगराची ओढ असलेली माणसे पुष्कळ असतात. त्यातली काही घर विसरतात, आणि काही संसारात पडली की डोंगर विसरतात. आप्पांनी दोन्ही सांभाळले, कारण ते घरच्यांना बरोबर घेऊन डोंगरावर गेले. कन्या वीणाताई, जावई विजय देव, पुढे नाती, सगळ्यांना त्यांनी गडाच्या वाटेला लावले. नात मृणाल कुलकर्णी यांना आपण पडद्यावर पाहतो. वीणाताई देवांनी वडिलांचे चरित्र लिहिले, त्यांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन घरच्या मंडळींनी गावोगावी केले. वीणाताई २०२४ साली गेल्या. वडिलांनी दाखवलेली वाट त्यांनी अखेरपर्यंत जागती ठेवली. बापाने मुलांना जमीनजुमला द्यावाच, परंतु पायांना एखादी वाटही द्यावी, असे मला या घराकडे पाहून वाटते.

सगळ्या गडांत आप्पांचा जीव राजमाचीवर. लोणावळ्याहून पायी निघाले तर पंधराएक किलोमीटरची वाट. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मध्ये काळभैरवाचे देऊळ, आणि माचीवर वस्ती. ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी त्यांनी तिथलीच लिहिली. मुंबई सोडून आपल्या माचीवरच्या घरी परतणाऱ्या म्हाताऱ्याची ती गोष्ट आहे. पवनेकाठच्या तुंग गडावरही त्यांनी कादंबरी लिहिली. गडावर गेल्यावर ते नुसता बुरूज पाहून परत फिरले नाहीत. तिथे राहणाऱ्या माणसाला त्यांनी ग्रंथाचा नायक केले.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात आपल्या जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड आहेत. आप्पा १ जून १९९८ रोजी पुण्यात निवर्तले, हा दिवस त्यांनी पाहिला नाही. राजमाची त्या यादीत नाही. परंतु मान मिळण्याची वाट न पाहता त्या दगडांवर त्यांनी आयुष्यभर माया केली.

मंडळी, आता आपल्या गावाचे बोलतो. माझा संसार पुण्यात झाला. चाळीस वर्षे नोकरी केली. दर यात्रेला गावी आलो, नारळ फोडला, वर्गणी दिली, संध्याकाळी परत गेलो. समोरच्या या डोंगरावर लहानपणी मी गुरे राखली, पण माझी मुले त्यावर उभ्या जन्मात एकदाच चढली. परवा नातवाने विचारले, "आजोबा, या डोंगराचं नाव काय?" मी नाव सांगितले. परंतु ते त्याने मला विचारावे लागले, याची मला लाज वाटली. देणगीची पावती माझ्या खिशात होती, तिचा त्या वेळी काही उपयोग झाला नाही.

२०२१ साली आपले गाव पुणे महापालिकेत गेले. पाणी, रस्ते यांची आशा आहे, ती पुरी होवो. परंतु गाव शहरात गेले म्हणून गावपण जाऊ देणे आपल्या हातात आहे, आणि राखणेही आपल्याच हातात आहे. म्हणून आप्पांची आठवण काढून दोन विनंत्या करतो.

पहिली. देवळाच्या मागे जुन्या बांधकामातले दगड रचून ठेवले आहेत. त्यात तीन वीरगळ आहेत. गावासाठी कोणी तरी प्राण दिले, त्यांची ती खूण. ते पायरीला किंवा धुण्याला जाऊ नयेत, त्यांना तेलरंग फासू नये. स्वच्छ धुऊन पाराजवळ उभे करावेत. त्याचा खर्च मी करीन.

दुसरी. दरवर्षी वर्धापनदिनी आरतीआधी पहाटे गावातल्या आणि शहरातून येणाऱ्या मुलांना या डोंगरावर न्यावे. आईबापांनी, आजीआजोबांनी हात धरून न्यावे. ज्यांना चढवत नाही, त्यांनी पायथ्याशी भाकरी घेऊन बसावे. वर गेल्यावर समोर सिंहगड दाखवावा, खाली आपला कळस दाखवावा. कळस किती सुंदर आहे, हे वरून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

देऊळ आपण बांधले. आता तिथवर येणारी पावले तयार करायची आहेत. आप्पांनी ती आपल्या घरात तयार केली. आपणही करू या.

पुढच्या वर्धापनदिनी पहाटे पाच वाजता मी नातवाला घेऊन पाराजवळ उभा असेन.

जय हिंद, जय महाराष्ट्र.