कानातील मळ : समज, गैरसमज आणि काळजी

(३ मार्च, जागतिक श्रवण दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु घरात घडलेली एक गोष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो.

सत्तरीनंतर माझ्या वडिलांना ऐकू येईनासे झाले. वय झाले, असे म्हणून आम्ही ते स्वीकारले आणि हळूहळू त्यांच्याशी बोलणेच कमी केले. दोन वर्षांनी तज्ज्ञांनी तपासले, तेव्हा दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला आढळला. तो काढताच वडील म्हणाले, "पंखा एवढा वाजतो होय!" ती दोन वर्षे मात्र आम्ही त्यांना परत देऊ शकलो नाही.

मळ म्हणजे घाण नव्हे. कानाच्या नळीतील ग्रंथी तो तयार करतात. तो धूळ व जंतू अडवतो आणि बहुधा आपोआप बाहेर पडतो. नळीची लांबी अवघी अडीच सेंटिमीटर. तिच्या टोकाला नाजूक पडदा. काडेपेटीची काडी, केसांची पिन, किल्ली किंवा कापसाची काडी घातल्याने थोडा मळ निघतो, उरलेला आत ठासला जातो. प्रसंगी पडदाही फाटतो. हळदीच्या मोंढ्यात धुळीत राबणाऱ्या आपल्या बांधवांनीही कानाचा बाहेरील भाग ओल्या फडक्याने पुसावा, तेवढे पुरे.

राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमाच्या माहितीनुसार श्रवणदोषाच्या कारणांत मळाचा वाटा १५.९ टक्के आहे. हा दोष बरा होणारा आहे. डॉक्टर प्रथम थेंबांनी मळ मऊ करतात. नंतर कोमट पाण्याने किंवा यंत्राने ओढून तो काढतात. मात्र कान वाहत असेल, दुखत असेल वा पडद्यास छिद्र असेल, तर तेल किंवा थेंब मनाने घालू नयेत. मधुमेही व्यक्तींनी विशेष जपावे. ऐकू येणे एकाएकी बंद झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वर्गात लक्ष न देणाऱ्या मुलास रागावण्यापूर्वी आणि वडीलधाऱ्यांचे बहिरेपण वार्धक्याच्या खाती मांडण्यापूर्वी एकदा कान तपासून घ्यावेत, एवढीच नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.