‘वॉल्ट्झ विथ बशीर’ आणि न आठवणारा सैनिक
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आवडलेल्या एका सिनेमावर दहा मिनिटं बोल, असं संयोजकांनी सांगितलं. सकाळपासून इथे सगळे जुन्या आठवणी काढून हसताहेत आणि मी मधेच युद्धपट घेऊन उभी राहिले आहे, तर सांभाळून घ्या. पण हा सिनेमाही जुन्या सोबत्यांना भेटण्याचाच आहे. नायक एकेकाच्या दारी जाऊन विचारतो, मी तिथे होतो का?

सिनेमाचं नाव ‘वॉल्ट्झ विथ बशीर’. २००८ सालचा. इस्रायली दिग्दर्शक आरी फोलमन यांनी तो स्वतःवरच बनवला. १९८२ साली इस्रायलचं सैन्य लेबनॉनमध्ये शिरलं, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे सैनिक होते. सिनेमा जवळजवळ सगळा चित्रांचा, म्हणजे अॅनिमेशनचा. म्हणून मुलांना घेऊन बसू नका, आधीच सांगते.

सुरुवातीला सव्वीस कुत्री दात विचकत रस्त्यावरून धावत येतात. हे एका मित्राचं रोजचं स्वप्न. लेबनॉनमध्ये रात्री गावात शिरताना कुत्री भुंकली की गाव सावध व्हायचं. या पोराच्या हातून माणसावर गोळी सुटणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुत्री मारायचं काम त्याच्याकडे. सव्वीसच्या सव्वीस त्याला वीस वर्षांनंतरही वेगवेगळी आठवतात. ते ऐकताना फोलमनच्या लक्षात येतं, की आपल्याला त्या युद्धातलं काहीच आठवत नाही. एक दृश्य तेवढं डोळ्यांपुढे येतं : बैरुतचा समुद्र, आभाळात पिवळा उजेड आणि पाण्यातून बाहेर येणारी तीन उघडी पोरं.

मग तो सोबत्यांना गाठत सुटतो. एक हॉलंडमध्ये फलाफल विकून श्रीमंत झालेला. तो म्हणतो, माझं चित्र काढ, पण कॅमेरा नको. दुसरा रात्रभर समुद्रात पोहून जिवंत परतलेला, आणि आपण एकटेच वाचलो म्हणून मेलेल्यांच्या घरच्यांना तोंड दाखवू न शकणारा. एक मानसोपचारतज्ज्ञ बाई आहेत. त्यांनी सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. एक सैनिक हौशी छायाचित्रकार होता. समोर चाललंय ते आपण कॅमेऱ्यातून बघतोय, असं मनाशी धरून तो युद्धात वावरला. प्रेतं, स्फोट, सगळं म्हणजे नुसते फोटो. बैरुतच्या घोडेशर्यतीच्या मैदानात मेलेले आणि तडफडणारे घोडे दिसले, आणि त्याचा तो मनातला कॅमेरा फुटला. माणसं चालली होती, घोडे चालले नाहीत.

१४ सप्टेंबर १९८२ रोजी लेबनॉनचे नवनिर्वाचित अध्यक्ष बशीर जमायेल बॉम्बस्फोटात मारले गेले. नंतर १६ ते १८ सप्टेंबर या दिवसांत त्यांच्या फलांजिस्ट टोळ्या साब्रा आणि शतिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत घुसल्या आणि त्यांनी बायका, मुलं, म्हातारे, दिसतील त्यांना मारलं. किती मेले यावर आजही एकमत नाही. आकडे शेकड्यांपासून तीन हजारांच्या वर जातात. भोवती वेढा इस्रायली सैन्याचा होता. रात्री आभाळात प्रकाशगोळे सोडून उजेड केला तोही त्यांनीच. तो पिवळा उजेड म्हणजे हाच. फोलमन जवळच्या एका गच्चीवर होता. गोळा त्याने स्वतः उडवला की शेजारच्याने, आणि त्याने काय फरक पडतो, इथे सिनेमा अडतो. त्याचे आईवडील आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेले. छावणी हा शब्द त्या घरात कसा ऐकला गेला असेल!

१९८३ साली काहान आयोगाने इस्रायलवर अप्रत्यक्ष जबाबदारी ठेवली. संरक्षणमंत्री एरियल शेरॉन यांना ते पद सोडावं लागलं. २००१ साली ते पंतप्रधान झाले. प्रकाशगोळा सोडणारी पोरं मात्र आपापल्या धंद्याला लागली आणि विसरली.

माझ्या क्षेत्रात ‘मी फक्त हा एवढा भाग लिहिला’ हे रोजचं वाक्य आहे, आणि खरंही आहे. मोठ्या प्रणालीत प्रत्येकाकडे एक तुकडा असतो. हा सिनेमा पाहिल्यापासून मी बैठकीत विचारते, पलीकडच्या टोकाला कोण आहे? काही जण वैतागतात.

या सिनेमावर एक आक्षेप घेतला जातो, तो मला पटतो. मेले ते पॅलेस्टिनी, आणि दोन तास दुःख कुणाचं, तर वेढा घालणाऱ्याचं. त्यांच्यातलं कुणी बोलतच नाही. शेवटच्या मिनिटाला मात्र चित्रं थांबतात आणि तेव्हाच्या बातम्यांचं खरं चित्रीकरण सुरू होतं. गल्लीतून आक्रोश करत येणाऱ्या बायका, आणि मग प्रेतं. तिथे सैनिकाचा चेहरा नाही. मला वाटतं, दिग्दर्शकालाही तो आक्षेप ठाऊक होता.

आपण साताऱ्याकडची माणसं. वर्गात फौजींची मुलं किती होती, हे पट काढला तर कळेल. पंधरा ऑगस्टला निवृत्त सुभेदार शाळेत यायचे आणि ‘किती शत्रू मारले?’ हे कुणीतरी विचारायचंच. ते बर्फाबद्दल बोलायचे, खेचरांबद्दल बोलायचे. त्या प्रश्नाचं उत्तर मी कधी ऐकलं नाही.

आपल्यातला एक जण वीस वर्षं नोकरी करून परत आला आहे. यावर बोलू का, असं त्याला मी सकाळी चहाच्या वेळी विचारलं. तो म्हणाला, “बोल की. फक्त बोलताना माझ्याकडं बघू नकोस.” मी पाहिलेलं नाही.

सिनेमा हिब्रू आहे, इंग्रजी उपशीर्षकांसह मिळतो, जेमतेम दीड तासाचा. मघाशी दोन तास म्हणाले ते बोलण्याच्या ओघात. ज्यांना बघायचा आहे त्यांनी जेवणानंतर मला सांगा, बाई, तुम्हीसुद्धा. एकटीने बघण्यापेक्षा तीन-चार जणांनी मिळून बघितलेला बरा.